तंबोऱ्याचा इसार

वारजे हे एके काळचे मुठेकाठचे शेतीचे गाव. मुंबई-बंगळूर महामार्गाच्या दोन्ही अंगांना गेल्या तीन-चार दशकांत वाढलेल्या वसाहतींनी त्याचे पुण्याचे उपनगर केले. शिक्षक, बँकांतील व कार्यालयांतील नोकरदार, संगणक कंपन्यांतील तरुण कुटुंबे अशी ही वस्ती आहे. पुण्याच्या इतर उपनगरांप्रमाणे येथेही संध्याकाळी दोन प्रकारचे क्लास भरतात. एकात गिटार शिकवतात, दुसऱ्यात गाणे. गिटार शिकणाऱ्या मुलाच्या पाठीवर कारखान्यात तयार झालेले वाद्य असते. गाणे शिकणाऱ्या मुलीजवळ बहुधा तंबोरा नसतोच. समोर मोबाइल फोन ठेवलेला असतो आणि त्यातून तंबोऱ्याचा आवाज येत असतो. पाच-सहा वर्षांनंतर मात्र दोन्ही घरांत एकच प्रश्न उभा राहतो. हौस टिकली, हात किंवा गळा तयार झाला, आता चांगले वाद्य घ्यावयाचे. ते दुकानातून तयार उचलावयाचे, की एखाद्या जाणत्या कारागिराला इसार देऊन घडवून घ्यावयाचे?

वरवर पाहता हा ज्याच्या त्याच्या ऐपतीचा आणि आवडीचा प्रश्न आहे. सर्वसाधारण समजही असाच आहे की, मुद्दाम वाद्य घडवून घेणे ही नामवंत कलावंतांची किंवा श्रीमंत हौशी मंडळींची चैन होय. मध्यमवर्गाने तयार माल घ्यावा. हा समज तपासून पाहण्याची वेळ आली आहे. कारण ज्या महाराष्ट्रात भारतभर नावाजलेले तंबोरे आणि सतारी घडतात, तेथील हा व्यवसाय आजवर टिकला तो याच मध्यमवर्गाच्या मागणीवर, आणि आता तो डळमळीत होत असेल तर त्याचेही एक मोठे कारण याच वर्गाच्या बदललेल्या खरेदीत आहे.

वारज्यावरून दक्षिणेस जाणाऱ्या महामार्गाने पेठनाक्यापर्यंत जाऊन सांगलीकडे वळले की अडीचशे किलोमीटरच्या आत मिरज येते. या गावातील तंतुवाद्यांचा व्यवसाय सुमारे पावणेदोनशे वर्षांचा आहे. तो सुरू करणारे फरीदसाहेब आणि मोईनुद्दीन हे शिकलगार घराण्यातील. शिकलगार म्हणजे तलवारी, भाले यांना धार लावणारे आणि शस्त्रे दुरुस्त करणारे कारागीर. मराठेशाही संपली, लढाया थांबल्या आणि या हातांचे काम गेले. मिरज हे पटवर्धनांचे संस्थान. तेथे गवयांची ये-जा असे. वाद्यांची दुरुस्ती करता करता एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास ही मंडळी नवी वाद्ये घडवू लागली. पुढे या घराण्याचे आडनावच सतारमेकर असे रूढ झाले. तंत्र बदलले, मागणी गेली, तरी कसबी हात वाया गेले नाहीत, याचे हे उदाहरण अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात शोभण्याजोगे आहे.

संस्थानिकाच्या आश्रयावर हा व्यवसाय सुरू झाला असला तरी केवळ त्यावर तो वाढणे शक्य नव्हते. एका दरबाराला तंबोरे लागून लागून किती लागणार? मागणीचा खरा विस्तार झाला तो संगीत दरबारातून बाहेर पडल्यावर. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांजवळ शिकलेल्या पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी १९१३ साली पुण्यात आर्य संगीत विद्यालय सुरू केले. पुढे ते मिरजेलाच स्थायिक झाले. १९३१ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांनी संगीताचे शिक्षण गावोगावी नेले. शिक्षक, वकील, कारकून यांच्या घरांतील मुले आणि विशेषतः मुली गाणे शिकू लागल्या, आणि दिवाणखान्यात गवसणी घातलेला तंबोरा हे सुसंस्कृत घराचे लक्षण ठरले. १९४८ साली संस्थाने विलीन झाली तेव्हा मिरजेचे कारागीर उघड्यावर पडले नाहीत याचे कारण हेच. राजाची जागा तोवर हजारो लहान गिऱ्हाइकांनी घेतली होती. पुण्यात १९५३ पासून होत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाने श्रोत्यांचे जे विशाल विश्व उभे केले त्याचाही या व्यवसायाला मोठा आधार मिळाला.

हे हजारो लहान गिऱ्हाईक वाद्य कसे घेत असे, हे पाहणे महत्त्वाचे आहे. दुकानात जाऊन मांडणीवरचा तंबोरा उचलण्याची पद्धत नव्हती असे नाही. पण जाणते गिऱ्हाईक शिक्षकामार्फत किंवा स्वतः मिरजेस जाऊन काम सांगत असे. गाणारा पुरुष की स्त्री, गळ्याची पट्टी काळी एक की काळी चार, बैठक घरगुती की मैफलीची, यावर भोपळ्याचा घेर, दांडीची लांबी आणि तारांची जाडी ठरे. मग इसार दिला जाई, काही महिन्यांचा वायदा होई, आणि वाद्य तयार झाल्यावर जवारी समोर लावून घेऊन उरलेली रक्कम चुकती होई. या व्यवहारात इसार म्हणजे केवळ सौदा पक्का झाल्याची खूण नव्हती. आर्थिक दृष्ट्या त्याचे काम याहून पुष्कळ मोठे होते.

तंबोऱ्याची घडण पाहिली म्हणजे ते ध्यानात येते. त्याचा भोपळा भाजीच्या भोपळ्यासारखा बाजारात मिळत नाही. सोलापूर जिल्ह्यात भीमेच्या खोऱ्यात, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या आसपास, कडू जातीच्या मोठ्या भोपळ्यांचे पीक मुद्दाम घेतले जाते. ते वेलावर पुरते जून होऊ द्यावे लागते, नंतर महिनोन्महिने वाळवावे लागते. सगळेच नग कामाचे निघत नाहीत; काहींना भेगा जातात, काहींचा आकार बिघडतो. चांगला, समान जाडीचा, हवा तसा घेर असलेला भोपळा हातात आला म्हणजे तो भिजवून कापतात आणि आतून काड्यांचा ताण देऊन त्याचा आकार राखतात. तबली आणि दांडी यांसाठी लागणारे तुणाचे लाकूड पुरते मुरलेले असावे लागते. ओल्या लाकडाचे वाद्य पहिल्या उन्हाळ्यात वाकते. म्हणजे कारागिराचा पैसा काम सुरू होण्याच्या कितीतरी आधी भोपळ्यांत आणि फळ्यांत अडकलेला असतो. पुढे खोदकाम, जोडणी, नक्षी, पॉलिश आणि शेवटी जवारी हे सारे हातानेच होते.

इतक्या लांबलेल्या उत्पादनाला भांडवल कोण पुरविणार? बँकेपाशी गहाण ठेवावयास या मंडळींजवळ बहुधा राहते घर आणि हत्यारे यापलीकडे काही नसते. अर्धवट झालेला तंबोरा तारण म्हणून कोणी घेत नाही. ही उणीव इसार भरून काढी. गिऱ्हाईक जो आगाऊ पैसा देई तो बिनव्याजी खेळते भांडवल होई. शिवाय तयार माल पडून राहण्याची धास्ती संपे, कारण वाद्य घडण्यापूर्वीच त्याला मालक असे. तयार माल विकत घेणाऱ्या दुकानदारामार्फत व्यवहार झाला की हे चित्र उलटते. भांडवल कारागिराचे अडकते, जोखीम त्याची राहते आणि नफ्याचा मोठा वाटा मधल्या हातांत जातो. मग कारागीर खर्च कमी करण्याकडे वळतो. लाकूड कमी मुरवतो, जवारीला दोन दिवसांऐवजी दोन तास देतो. हा त्याचा लोभ नव्हे. त्या रचनेत तगून राहण्याचा तोच एक मार्ग त्याला उरतो.

दुसरी अडचण गिऱ्हाइकाच्या बाजूची आहे. नवख्या माणसाला दोन तंबोऱ्यांतील भेद कळत नाही. चकचकीत पॉलिश आणि हस्तिदंती दिसणारी प्लॅस्टिकची नक्षी डोळ्यांना भुलवते. लाकूड कच्चे होते हे दोन वर्षांनी कळते. विक्रेत्याला मालाची खरी प्रत ठाऊक आणि खरेदीदाराला नाही, अशा बाजारात काय घडते याचे विवेचन जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणावरून केले, आणि त्या कार्यासाठी पुढे २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. त्यांचे सांगणे असे की, प्रत ओळखता न येणारा खरेदीदार सरासरी किंमतच देऊ करतो. त्या किमतीत चांगला माल परवडत नाही म्हणून तो बाजारातून निघून जातो, आणि मागे वाईट मालच उरतो. तंबोऱ्याच्या बाजारात या आपत्तीवरचा जुना उपाय म्हणजे घडवून घेण्याची पद्धत. कारागिराचे नाव, त्याचे घर आणि शिफारस करणारा गुरू हे तिघेही ठाऊक असल्यामुळे वाद्य बिघडले तर ते परत त्याच दारी येणार, ही जाणीव दोन्ही पक्षांना असे.

मग ही पद्धत मागे का पडली? पहिले कारण पर्यायी साधनांचे. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून बंगळूरकडे तयार झालेले इलेक्ट्रॉनिक तंबोरे बाजारात येऊ लागले आणि पुढे तेच काम मोबाइल फोनवर जवळजवळ फुकट होऊ लागले. या साधनांना नाके मुरडण्यात अर्थ नाही. दोन खोल्यांच्या घरात पाच फुटी तंबोरा ठेवावयास जागा नसते. तो जुळवावयास शिकण्यातच पहिली वर्षे जातात. प्रवासात भोपळा फुटण्याची भीती असते. ज्या घरांतील मुलांना एरवी गाणे शिकताच आले नसते त्यांना या यंत्रांनी सुराची सोबत दिली, हे त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे.

परंतु यंत्र जे देते ते तंबोरा देतो त्याहून वेगळे आहे. घोडीच्या किंचित उतरत्या पृष्ठावर तार सतत हलकेच घासत राहते, आणि त्या दोहोंमध्ये सरकवलेल्या सुती दोऱ्याने तो स्पर्श नेमका साधला जातो. यालाच जवारी म्हणतात. तिच्यामुळे एकाच तारेतून मूळ स्वराबरोबर त्याचे अनेक वरचे स्वर उमटतात. खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो तो याचमुळे. तो ऐकावयास शिकणे, तारा मण्यांनी मिळवणे, हवा पालटली की पुन्हा मिळवणे, हा गाण्याच्या शिक्षणाचाच भाग होता. यंत्र जुळलेलेच येते, त्यामुळे कानाची ती मेहनत वाचते आणि कानाचे ते शिक्षणही राहून जाते. प्राथमिक वर्गात यंत्र चालेल. पण पाच-सहा वर्षे टिकलेल्या विद्यार्थ्यासाठी ते पुरेसे समजणे म्हणजे शिक्षण अर्ध्यावर थांबविणे होय.

दुसरे कारण अधिक मूलगामी आहे, आणि ते जगभर सारखेच लागू पडते. १९६६ साली विल्यम बोमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी कलाव्यवसायांच्या अर्थकारणावर जो ग्रंथ लिहिला त्यातील विचार थोडक्यात असा आहे. चौघा वादकांची एखादी रचना वाजवावयास दोनशे वर्षांपूर्वी जितका वेळ लागे तितकाच आजही लागतो. कारखान्यात मात्र एका माणसाचे उत्पादन यंत्रामुळे अनेक पटींनी वाढले, आणि त्याबरोबर मजुरीही वाढली. ज्या व्यवसायात वेळ वाचवताच येत नाही तेथील माणसालाही जगण्यासाठी तीच मजुरी हवी असते. परिणामी त्या व्यवसायाची किंमत इतर वस्तूंच्या मानाने सतत चढत जाते. तंबोऱ्याला हे तंतोतंत लागू आहे. करवत विजेवर चालली, पॉलिश फवाऱ्याने मारले, तरी जवारी हाताने आणि कानानेच लावावी लागते. तेव्हा हाताने घडवलेले वाद्य महाग होत गेले तर त्यात कारागिराचा दोष नाही. वाद्याची किंमत चढू द्यावयाची नाही असे समाजाने ठरवले तर त्याचा अर्थ इतकाच होतो की, त्या घरातील मुलाने तो व्यवसाय करू नये.

आणि नेमके तेच होण्याची भीती आहे. सांगली-मिरजेच्या औद्योगिक वसाहतीत किंवा पुण्यातील कंपनीत पहिल्या महिन्यापासून पगार मिळतो. वाद्याच्या कामात मात्र पहिली काही वर्षे शिकणाऱ्याच्या हातून विकण्याजोगे काही घडतच नाही. भोपळा कापणे, दांडी पोखरणे हे दोन-तीन वर्षांत जमेल. जवारी बसावयास त्याहून कितीतरी काळ लागतो. त्या काळातील पोटाची व्यवस्था पूर्वी एकत्र कुटुंब करी. ते आता होत नाही. १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे, पण त्याची घडण मुख्यतः कारखाने आणि आस्थापना डोळ्यांपुढे ठेवून झालेली आहे. घरातल्या पडवीत चालणारी कार्यशाळा त्याच्या चौकटीत सहजी बसत नाही. केंद्र सरकारने २०२३ साली पारंपरिक कारागिरांसाठी पंतप्रधान विश्वकर्मा योजना जाहीर केली. तीत स्वस्त दराचे कर्ज, प्रशिक्षणकाळात भत्ता, हत्यारांसाठी साहाय्य अशा चांगल्या तरतुदी आहेत. मात्र जाहीर झालेल्या १८ व्यवसायांच्या यादीत शस्त्रे बनविणाऱ्यांचा समावेश आहे आणि वाद्ये बनविणाऱ्यांचा स्वतंत्र उल्लेख नाही. शिकलगारांनी पावणेदोनशे वर्षांपूर्वी सोडलेला व्यवसाय यादीत यावा आणि त्यांनी स्वीकारलेला राहून जावा, यापरता दैवदुर्विलास कोणता?

शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. २०१७ साली वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा हाताने बनविलेल्या देशी वाद्यांना करातून सूट देण्यात आली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. १९९९ च्या कायद्याखाली मिळणाऱ्या या मानांकनामुळे दुसरीकडे बनलेला माल मिरजेच्या नावाने विकण्यास कायद्याने प्रतिबंध होतो. अकरलॉफ यांनी सांगितलेल्या आपत्तीवर हा एक उपाय आहे, आणि मिरजेच्या कारागिरांना तो न्याय म्हणूनच मिळाला आहे. परंतु त्याची मर्यादाही ओळखली पाहिजे. मानांकन नावाचे रक्षण करते. ते मागणी निर्माण करीत नाही, भांडवल पुरवीत नाही आणि शिकाऊ मुलाच्या हाती वेतन ठेवीत नाही. शिवाय मिरजेतच घाईने बनवलेला हलका तंबोराही मिरजेचाच असतो. गावाच्या नावामागे कारागिराचे नाव उभे राहिल्याखेरीज प्रतीची हमी पुरी होत नाही.

या ठिकाणी गिटारचे उदाहरण उपयोगी पडते. गिटारच्या बाबतीत कारखान्याचा माल मुबलक आणि स्वस्त आहे. तरीही युरोप-अमेरिकेत एकट्याने किंवा दोघा-तिघांच्या मदतीने वाद्य घडविणारे कारागीर केवळ टिकूनच आहेत असे नव्हे, तर त्यांतील नामवंतांकडे गिऱ्हाइकांना वर्ष वर्ष, क्वचित त्याहून अधिक, थांबावे लागते. तेथील पद्धत मिरजेच्या जुन्या रिवाजासारखीच आहे. वादकाचा हात, बोटांची पकड, वाजविण्याची शैली पाहून लाकूड व मापे ठरतात, आगाऊ रक्कम दिली जाते, आणि गिऱ्हाईक आपल्या पाळीची वाट पाहते. या गिटारींच्या पाठीसाठी आणि कडांसाठी जे लाकूड फार वाखाणले जाते त्यात आपल्याकडील शिसवाचा समावेश आहे, ही गोष्ट येथे थोड्यांनाच ठाऊक असते. ब्राझीलमधील शिसवाचा व्यापार १९९२ साली आंतरराष्ट्रीय कराराने जवळजवळ बंद झाला, त्याच्या कितीतरी आधीपासून तेथील गिटारवाले भारतीय शिसवाकडे वळले होते. २०१७ साली शिसवाच्या सर्व जातींवर व्यापाराची बंधने आली तेव्हा जगभरच्या वाद्यव्यवसायाने गाऱ्हाणे मांडले, आणि २०१९ साली तयार वाद्यांना त्यातून मोकळीक मिळाली. लाकूड सह्याद्रीचे आणि मलबारचे, पण त्यातून निर्माण होणाऱ्या किमतीचा मोठा वाटा घडविणाऱ्या हाताचा. ती किंमत तेथील गिऱ्हाईक कुरकुर न करता देते, कारण हाताच्या वेळेचे मोल असते हे तेथे पटलेले आहे.

तिकडे हे आपोआप घडले असेही नाही. इटलीतील क्रेमोना हे व्हायोलिनचे गाव. स्ट्राडिवारी १७३७ साली वारला, आणि त्याच्यानंतर काही पिढ्यांतच तेथील थोर परंपरा क्षीण झाली. कसब बापाकडून मुलाकडे जात असे आणि ती साखळी तुटली तेव्हा ती जोडावयास कोणी नव्हते. १९३८ साली क्रेमोनात व्हायोलिन घडविण्याची शाळा निघाली, तेव्हा पुनरुज्जीवनाला आरंभ झाला. पुढे जगभरचे विद्यार्थी तेथे येऊ लागले, गावात कार्यशाळा पुन्हा उभ्या राहिल्या, आणि २०१२ साली युनेस्कोने या कारागिरीची मानवजातीच्या वारशात नोंद केली. यातून दोन धडे निघतात. तुटलेली परंपरा पुन्हा उभी राहू शकते हा आशेचा, आणि त्याला काही पिढ्यांचा काळ व संस्थेचे पाठबळ लागते हा इशाऱ्याचा. मिरजेची साखळी अजून तुटलेली नाही. ती तुटेपर्यंत थांबून मग शाळा काढण्यापेक्षा आज ती राखणे कितीतरी स्वस्त आहे.

यासाठी काय करता येईल? पहिली गोष्ट सार्वजनिक खरेदीची. विद्यापीठांचे संगीत विभाग, महाविद्यालये, शाळा, नगरपालिकांची आणि महानगरपालिकांची नाट्यगृहे यांना वाद्ये लागतात. ती बहुधा निविदेने घेतली जातात आणि निविदेत कमीत कमी दर हीच प्रमुख कसोटी ठरते. डांबर किंवा खुर्च्या घेताना ही कसोटी एक वेळ चालेल. तंबोरा घेताना ती चांगल्या कारागिराला दाराबाहेर ठेवण्याची खात्रीशीर युक्ती आहे. अशा संस्थांनी मानांकनधारक कारागिरांची यादी करावी, तज्ज्ञ शिक्षकाकडून प्रत तपासावी आणि ठरलेल्या किमतीचा तिसरा किंवा अर्धा हिस्सा आगाऊ देऊन कामे सांगावीत. लेखापरीक्षकाला पटेल अशी कार्यपद्धती आखणे कठीण नाही. पुण्यासारख्या शहरातील संस्थांनी दर वर्षी प्रत्येकी दोन-चार वाद्ये जरी अशी घडवून घेतली, तरी मिरजेच्या कार्यशाळांना वर्षभराच्या कामाचा अंदाज बांधता येईल.

दुसरी गोष्ट शिकाऊ मुलांच्या वेतनाची. विश्वकर्मा योजनेच्या यादीत वाद्यकारांना स्थान मिळावे ही मागणी रास्त आहेच. पण राज्य सरकारलाही हे करता येईल. मान्यवर कारागिराकडे तीन वर्षे काम शिकणाऱ्या दहा-वीस मुलामुलींना दरमहा वेतन देण्याचा खर्च राज्याच्या अंदाजपत्रकात जाणवणारसुद्धा नाही. मुली असा उल्लेख मुद्दाम केला आहे. हा व्यवसाय आजवर बहुतांशी पुरुषांच्या हाती राहिला. गाणाऱ्यांत मुली बहुसंख्य असताना घडविणाऱ्यांत त्या का नसाव्यात? घराण्याबाहेरच्यांना कसब शिकवावयास जुने कारागीर कचरतात हे खरे. परंतु घरातील मुलेच जर नोकरीकडे वळत असतील तर घराण्याबाहेर जाण्याखेरीज त्या कसबाला गती नाही.

तिसरी गोष्ट गिऱ्हाइकाच्या हातातील आहे, आणि येथे मध्यमवर्गाने आपला हिशेब नीट मांडला पाहिजे. समजा, एखाद्या घराने तीस हजार रुपये मोजून तंबोरा घडवून घेतला. चांगल्या घडणीचे वाद्य, अधूनमधून जवारी काढून घेतली तर, तीस वर्षे सहज जाते. म्हणजे वर्षाला हजार रुपये पडले. तेच घर तीस हजारांचा मोबाइल फोन तीन-चार वर्षांत टाकून देते आणि त्याला चैन म्हणत नाही. टिकाऊ वस्तूची किंमत एका दिवसात द्यावी लागते म्हणून ती महाग वाटते, इतकेच. ही अडचणही इसाराच्या पद्धतीत हलकी होते, कारण रक्कम एकदम न देता कामाच्या टप्प्यांनी देता येते. ज्यांना एवढेही झेपत नाही अशी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी संगीत विद्यालयांनी किंवा वसाहतीतील मंडळांनी वर्गणीतून एक वाद्य घडवून घेऊन सामाईक वापरावे. गणेशोत्सवात एका रात्रीच्या ध्वनिवर्धकांवर जो खर्च होतो तो पाहता हे अशक्य म्हणता येणार नाही.

यावर कोणी असे म्हणेल की, बाजाराला जे नको ते सरकारी पैशाने आणि भावनेच्या आवाहनाने का जगवावयाचे? हातमागापासून कल्हईपर्यंत किती कारागिऱ्या गेल्या, तशी हीही जाईल. या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. ज्या वस्तूचे काम दुसरी वस्तू तितक्याच चांगल्या रीतीने करते ती वस्तू जुनी आहे एवढ्यासाठी जगवू नये. कल्हईची गरज संपली, कारण भांडी बदलली. परंतु तंबोऱ्याची गरज संपलेली नाही. आजही मैफलीत गवयाच्या मागे दोन तंबोरे असतात, आणि यंत्राची साथ घेणारे विद्यार्थीही ज्या गवयांना आदर्श मानतात ते याच सुरात बसून गातात. मिरजेत घडलेले तंबोरे भीमसेन जोशींसारख्या गवयांनी वापरले. बाजाराला वस्तू हवी आहे. तिला लागणारा वेळ आणि धीर मात्र त्याला नको आहे. ही विसंगती किंमत पाडून सुटत नाही.

वाद्य बनविण्याच्या व्यवसायात एक गोष्ट इतर धंद्यांहून निराळी आहे. सिमेंटचा कारखाना दहा वर्षे बंद पडला तरी मागणी आल्यावर पुन्हा सुरू करता येतो, कारण त्याचे ज्ञान नकाशांत आणि यंत्रांत साठलेले असते. जवारीचे ज्ञान काही शेकडा माणसांच्या बोटांत आणि कानांत आहे, आणि ती माणसे वयाने वाढत आहेत. त्यांच्यानंतर उद्याचा श्रीमंत महाराष्ट्र कितीही पैसा ओतावयास तयार झाला तरी त्याला तो हात विकत मिळणार नाही. तेव्हा गाणे शिकणाऱ्या मुलीच्या पालकाने मिरजेला पाठविलेला इसार हा एका तंबोऱ्यापुरता व्यवहार राहत नाही. तो कार्यशाळेतल्या एका शिकाऊ मुलाचे आणखी काही महिने बांधून ठेवतो. असे इसार पुरेसे आले तर तो मुलगा कारागीर होईल. न आले तर तो पुण्याला नोकरीस येईल, आणि त्याचे काही चुकले असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही राहणार नाही.